पाळण्याला आधी उंचीची पट्टी लावा

एसटीत चढताना पोरगं चार वर्षांचं असतं आणि जत्रेत पाळण्यापाशी आलं की तेच पोरगं सहाचं होतं. एसटीत पाच वर्षांच्या आत तिकीट नाही आणि पाच ते बारा अर्धं, म्हणून तिथं वय खाली सरकतं. पाळणेवाला ‘लहान आहे, नको’ म्हणेल या धाकानं इथं ते वर सरकतं. अर्थात पाळणेवाला असं क्वचितच म्हणतो. त्याचं लक्ष तिकिटावर.

मी धारूर तालुक्यातल्या एका डोंगरातल्या गावात अर्धं आयुष्य अंगणवाडी चालवली. लेकराचं वय, वजन आणि उंची या तीन आकड्यांवर माझं मानधन निघालं. त्यामुळं या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे, असं मी धरून चालते. माझं म्हणणं असं : जत्रेतल्या प्रत्येक पाळण्याच्या दाराशी उंचीची पट्टी हवी. आणि ती लावून घ्यायचं काम, ज्यांनी पाळण्याला जागा भाड्यानं दिली त्यांचं. कडेवर एक आणि हाताला दोन लेकरं घेऊन आलेल्या बाईचं ते काम नव्हे.

आमच्या बीड जिल्ह्यात खोपोलीच्या इमॅजिकासारखं करमणुकीचं पार्क नाही. आमची पार्कं ट्रकमधून येतात आणि चार-आठ दिवसांत उठतात. महाशिवरात्रीला परळीला वैद्यनाथाच्या आणि बीडला कंकालेश्वराच्या यात्रेत; नवरात्रात आणि पुन्हा मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीच्या; कार्तिकी पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींच्या. चैत्र लागला की गावोगावची ग्रामदैवतं जागी होतात, आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्याच्या येडेश्वरीला आमच्याकडची निम्मी गावं लोटतात. जत्रा म्हटली की आकाशपाळणा आलाच. त्याच्या भोवतीनं ड्रॅगन ट्रेन, टोराटोरा, ब्रेक डान्स, कोलंबस नाव, हवेचा मिकी माऊस, घोड्यांचा पाळणा. एका कडेला मौत का कुआँ. तिथं निदान नावातच सगळं सांगितलेलं आहे.

आता या जत्रांचं कॅलेंडर उसाच्या कॅलेंडराशेजारी ठेवून बघा. दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या टोळ्या गाव सोडायला लागतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ही जोडपी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर, नाहीतर थेट कर्नाटकात फडावर जातात आणि परततात ती फेब्रुवारी-मार्च उलटल्यावर. म्हणजे कार्तिकी, मार्गशीर्ष आणि पुष्कळदा महाशिवरात्र, या तिन्ही वेळा जत्रा इथं आणि आई-बाप फडात. शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. पण शाळेचं तोंड न बघितलेली बारकी लेकरं कुठल्या वसतिगृहात घालायची? ती एकतर आईबरोबर फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जातात, नाहीतर आजीच्या गळ्यात पडतात. माझा धाकटा मुलगा आणि सून कोयत्यावर जातात. त्यांची दोन, थोरल्याची दोन आणि जावेच्या नातवाची त्यात भर, असा पाचांचा लोंढा घेऊन मी जत्रेला जाते. गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचं हेच.

पाळण्यावर पाटी असते : ‘लहान मुलांसोबत पालक असणे आवश्यक.’ पाटी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आई, बाप आणि दोन मुलं असं चौकोनी कुटुंब असणार. आमच्या जत्रेत पालक म्हणजे साठीची एक बाई, कमरेला पिशवी, आणि लेकरं पाच. आकाशपाळण्याच्या एका डब्यात माणसं बसतात चार. राहिलेल्यांचं काय करायचं, हे त्या पाटीवर नाही.

उंचीच का, वय का नको, हे आधी सांगते. आमच्याकडे गावातल्या निम्म्या लेकरांची जन्मतारीख १ जून असायची, शाळेत घालायला सोयीची म्हणून. आता जन्म दवाखान्यात होतात, दाखले बरोबर निघतात. तरी आजीला विचारलं तर ती सांगणार, ‘दुष्काळाच्या पुढल्या सालचा.’ ते जाऊ द्या. वय अगदी बरोबर असलं तरी अंग तेवढं असतंच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणं पाच वर्षांची मुलगी साधारण १०९ सेंटिमीटर असावी. १०० च्या खाली असेल तर आम्ही ती खुजी म्हणून नोंदवतो. चार वर्षांच्या मुलीची सरासरी उंची असते सुमारे १०३. म्हणजे खुज्या राहिलेल्या पाच वर्षांच्या मुलीचं अंग चार वर्षांच्या मुलीहूनही लहान. आणि अशी लेकरं थोडी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के बालकं खुजी निघाली. तीन लेकरांमागे एक. पाळण्याला वयाची अट घातली तर हे तिसरं लेकरू अटीत बसतं, पण खुर्चीत बसत नाही.

खुर्चीत बसत नाही म्हणजे काय, ते नीट बघण्यासारखं आहे. ड्रॅगन ट्रेनमध्ये किंवा ब्रेक डान्समध्ये दोघा-तिघांना मिळून एकच आडवा दांडा असतो. तो खाली ओढला की सगळ्यात जाड माणसाच्या मांडीवर नाहीतर पोटावर टेकतो आणि तिथंच थांबतो. शेजारच्या बारक्या लेकराच्या मांडीपासून तो वीतभर वर राहतो. ‘मोठं माणूस शेजारी बसलं की झालं’ ही आपल्या सगळ्यांची समजूत. दांड्याच्या बाबतीत ती उलटी आहे. आजी जेवढी अंगानं भरलेली, तेवढी लेकराच्या पुढ्यात फट मोठी. गाडीला हिसका बसला की लेकरू त्या फटीतून पुढं सरकतं. त्याचे पाय खाली टेकत नाहीत, पाठ मागं टेकत नाही, आणि हाताची मूठ दांड्याभोवती पुरत नाही. मग आजी एका हातानं त्याला दाबून धरते आणि दुसऱ्या हातानं स्वतःला. दोन लेकरं असतील तर देवाला. उंचीची अट असते ती या फटीसाठी. ज्याची पाठ मागं आणि पाय खाली टेकतात, त्याला दांडा धरून ठेवतो. बाकीच्यांना कोण धरणार?

माझी लेक पिंपरीला असते. तिनं एकदा आम्हाला खोपोलीला इमॅजिकात नेलं. आमच्या गावापासून ते तीनशे किलोमीटरच्या पुढं. तिकिटाचे पैसे ऐकून मी बाहेरच बसायला तयार होते, पण ते असो. तिथं प्रत्येक खेळापाशी उंचीची खूण होती आणि एक पोरगी लेकरांना त्या खुणेला उभं करत होती. मोठ्या पार्कांतून जोराच्या गाड्यांना साधारण १२० ते १४० सेंटिमीटरची अट असते. आमचा मधला नातू दोन बोटं कमी भरला. रडला, पाय आपटले, टाचा उंच करून बघितलं. त्या पोरीनं हसून टाचा खाली टेकवायला लावल्या. दोन मिनिटांत रडं संपलं आणि तो दुसऱ्या खेळाकडं पळाला. गावच्या जत्रेत हेच ‘नाही’ मला म्हणावं लागतं, आणि मी म्हटलेलं ‘नाही’ दिवसभर पुरतं. ‘शेजारच्या आज्जीनं त्यांच्या बाळ्याला बसिवलं, तूच बसू देत न्हाईस.’ भिंतीवरची रेघ कुणाची नातेवाईक नसते, म्हणून लेकरं तिचं ऐकतात. पट्टीचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हाच. आजीच्या डोक्यावरचं ओझं ती स्वतःवर घेते.

पट्टी येईल तेव्हा येईल. तोवर मी काय करते, ते सांगते. कुणाला उपयोगी पडलं तर पडलं.

पैसे बाहेर काढायच्या आधी सगळ्या पाळण्यांभोवती एक चक्कर मारायची. ज्यात बसायचं त्याची एक पूर्ण फेरी खाली उभं राहून बघायची. वेग कुणीही बघतो, मी थांबणं बघते. हळूहळू थांबतो की धक्का देऊन? खालचा पोऱ्या प्रत्येक दाराचा खटका हातानं ओढून बघतो, की लांबूनच ‘चलो’ म्हणतो? कळीवर बसलेल्याचं लक्ष पाळण्याकडं आहे की मोबाईलवर? पाळण्याच्या पायाखाली लाकडाचे ठोकळे असतात. ते एकावर एक तीन-चार रचलेले दिसले, तर त्या पाळण्यात माझं लेकरू बसत नाही. आमची जमीन काळी. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. चैत्रात संध्याकाळी वावधान सुटतं, अवकाळीचा एखादा सडाका पडून जातो. सकाळी सरळ उभा असलेला पाळणा त्या मातीत दुसऱ्या दिवशी तसाच सरळ असेल याची खात्री कोण देणार? वारा सुटला की पाळणे बंद झालेच पाहिजेत. कापडी मंडप फडफडायला लागला, म्हणजे वारा पुरेसा झाला.

बसवतानाचंही थोडं शास्त्र आहे. गोल फिरणाऱ्या खेळात अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, म्हणून जड माणूस बाहेरच्या कडेला आणि बारकं आतल्या. उलटं बसवलं तर सगळा भार लेकरावर येऊन ते चेपतं. कोलंबस नावेत टोकाच्या बाकांना सगळ्यात जास्त झोका, मधल्याला कमी. मोठी पोरं टोकाला पळतात, पळू द्यावीत. सात-आठ वर्षांचं मध्ये बसवावं. त्याहून लहान असेल तर नावेत नकोच. आकाशपाळण्यात मुख्य भीती उभं राहण्याची. वर गेल्यावर गाव दिसतं, आणि गाव दिसलं की पोरगं उठतं. तिथं प्रत्येक डब्यात एक तरी जाणतं माणूस हवंच. पाळणेवाले माणसं बसवताना समोरासमोरचे डबे भरतात, कारण एका अंगाला भार झाला तर चाक नीट चालत नाही. त्यामुळं ‘आमची पाचही लेकरं एकापाठोपाठच्या डब्यांत बसवा’ म्हणून हट्ट धरू नये. हवेच्या मिकी माऊसमध्ये धोका मोठ्या पोरांचा. बारा वर्षांचा उडी मारतो आणि तीन वर्षांचं उडून पडतं. तिथं वरच्या उंचीचीही रेघ हवी, आणि ती आपल्याकडं कुणीच लावत नाही.

केस बांधायचे, ओढणी काढून पिशवीत ठेवायची. पोरींना याचा राग येतो, जत्रेसाठीच तर केस सोडलेले असतात. २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात कन्नौज जिल्ह्यातल्या एका जत्रेत तेरा वर्षांच्या मुलीचे केस पाळण्यात अडकले आणि डोक्याची कातडी सोलून निघाली. हे मी थोरल्या नातीला मुद्दाम सांगितलं. तेव्हापासून ती स्वतःच अंबाडा घालते.

खाणं पाळण्यांनंतर. गोडी शेव, रेवड्या, भेळ, गारीगार, सगळं नंतर. कारण सांगायला नको. सगळ्यांना एकसारखे कपडे घालावेत म्हणजे हरवणार नाहीत, असं एका शिक्षिकेनं सुचवलं होतं. म्हणून काहीजणी लेकरांना शाळेचा गणवेश घालून आणतात. जत्रेत जिल्हा परिषदेच्या गणवेशातली पोरं शेकड्यानं असतात, त्यात आपलं शोधायचं कसं? त्यापेक्षा पाचांच्या गळ्यात एकाच रंगाचे भडक रुमाल बरे. आणि दंडावर बॉलपेनानं मोबाईल नंबर. जी आजी लिहू शकत नाही, तिला अंगणवाडीची बाई लिहून देते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं, ते. पाच लेकरांतलं सगळ्यात धाकटं दीड वर्षाचं. ते कुठल्याच पाळण्यात बसणार नाही. मी मधल्यांना घेऊन आत गेले, तर धाकटं कुणाजवळ? थोरलीजवळ. मी खाली थांबले तर वर मधल्यांजवळ कोण? परत थोरलीच. आमची थोरली अकरा वर्षांची आहे. जत्रेत तुम्ही पाळण्याच्या कठड्यापाशी जरा उभं राहून बघा. दहा-बारा वर्षांच्या पोरी दिसतील, कमरेवर भावंड घेतलेल्या, मान वर करून बघत असलेल्या. त्याच वयाचे त्यांचे भाऊ वरच्या डब्यात असतात. ऊसतोडीच्या घरात थोरल्या लेकीची शाळा भावंडांपायी सुटते, यावर पुष्कळ अहवाल निघाले आणि ते खरे आहेत. पण तिचा पाळणाही त्यातच जातो, हे कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही. लिहिण्याएवढी ती गोष्ट मोठी वाटत नसेल. अकरा वर्षांच्या पोरीला ती मोठीच असते.

यावर परदेशातल्या डिस्नेच्या पार्कांत एक साधी तोड काढलेली आहे. घरातली दोन मोठी माणसं असतील, तर एकजण बारक्याला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा खेळून येतो. मग अदलाबदल करायची, आणि थांबलेल्याला पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही. आमच्या जत्रेत हे करायला यंत्र लागत नाही, अॅप लागत नाही. पाळणेवाल्यानं लेकरू सांभाळत थांबलेल्याच्या हातात एक रंगीत कागद द्यायचा. तो दाखवला की पुढल्या फेरीत सरळ आत. मी आमच्या गावात एका पाळणेवाल्याला हे समजावलं. तो म्हणाला, ‘मावशी, गर्दीत मला कोण थांबलंय अन् कोण घुसतंय, कळंल का?’ कागद हातात असला की कळेल, म्हटलं. त्यानं आमच्या थोरलीला तेवढ्यापुरतं आत घेतलं, कागद काही निघाला नाही. आणि पाळण्यांच्या मधोमध चार बाजा टाकून, वर सावली करून एक कनात उभी केली, तिथं अंगणवाडीची मदतनीस नाहीतर आशाताई बसवली, तर धाकट्यांना तिथं ठेवून थोरल्या मोकळ्या होतील. जत्रेत पाणपोई असते, हरवले-सापडलेचा माईक असतो, पोलिओचं बूथ असतं. लेकरांच्या कनातीला एवढी काय जागा लागते?

पाळणेवाल्यांना दोष देऊन हात झटकावेत, असं मात्र मला वाटत नाही. त्यांची घरं मला ठाऊक आहेत. जत्रेत पोलिओचे डोस पाजायची ड्युटी लागली की मी सकाळीच पाळण्यांच्या मागं जायची. तिथं ट्रकच्या खाली, ताडपत्रीच्या आडोशाला त्यांचा संसार असतो. लेकरं असतात, त्यांचीही लसीची कार्डं गावोगाव फाटलेली. तेही एका गावाहून दुसऱ्या गावाला कोयत्यासारखेच फिरतात. जागेचं भाडं, डिझेल, जनरेटर, उभारण्या-खोलण्याचा खर्च हे सगळं आठ दिवसांत वसूल करायचं असतं, मध्ये एक दिवस पावसानं गेला की गेला. रात्रीतून पाळणा उभा करायचा, रात्रीतून खोलायचा. पार्कातला खेळ एकदा उभा राहिला की जागेवर राहतो. जत्रेतल्या पाळण्याचा तोच नट, तोच बोल्ट, तीच पिन वर्षभर पुन्हा पुन्हा निघते आणि बसते. झिजणार नाही तर काय होईल? म्हणून जत्रेचा पाळणा पार्कातल्यापेक्षा जास्त वेळा तपासायला हवा, आणि होतं नेमकं उलटं.

अपघात झाले की चार दिवस बातम्या येतात. अहमदाबादला कांकरियाच्या पार्कात १४ जुलै २०१९ रोजी झोक्याचा दांडा तुटून दोघं गेले, पंचवीसच्या वर जखमी झाले. मोहालीच्या जत्रेत ४ सप्टेंबर २०२२ रोजी वर गेलेला पाळणा सरळ खाली आदळला, जखमींत बाया आणि लेकरं होती. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि २७ जीव गेले, त्यातही लेकरं होती. राजकोटनंतर गुजरात सरकारनं अशा खेळांसाठी वेगळे नियम केले. पाळण्याला पक्का पाया हवा या अटीवरून तिथल्या जन्माष्टमीच्या लोकमेळ्यात पाळणेवाले आणि प्रशासन यांच्यात ओढाताणही झाली. ओढाताण झाली म्हणजे नियम कागदावरून खाली उतरला, असं मी समजते.

आपल्याकडं काहीच नाही असं नव्हे. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा, त्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ३३ खाली १९६० साली सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियम झाले आणि त्यांत मेळे आणि तमाशेही येतात. म्हणजे जत्रेतला पाळणा परवान्याच्या कक्षेत आहेच. पण १९६० साली जत्रेत काय होतं? चार डब्यांचा लाकडी पाळणा, माणसानं हातानं फिरवायचा. लेकरू रडलं की तो माणूस हात थांबवायचा. आता कळ दाबली की फेरी पुरी झाल्याशिवाय थांबत नाही, आणि डीजेच्या दणक्यात लेकरू रडतंय की हसतंय, हे खाली ऐकू येत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या कागदावर आजच्या ब्रेक डान्सला परवाना देताना कुणीतरी एकदा विचार करायला हवा.

माझ्या गावातले शहाणे म्हणतात, ‘बाई, जत्रेत कोण मोजत बसणार? दोन दिवसाची जत्रा, लोकांना मजा करू द्या.’ मजा मलाही हवी आहे. मी स्वतः आकाशपाळण्यात बसते आणि वर गेल्यावर ओरडते. पण मोजायला किती वेळ लागतो, ते मला सांगू नका. लेकराला पट्टीला उभं करायचं, टाचा टेकलेल्या, नजर समोर, डोक्यावर फळी. अंगणवाडीत एका सकाळी आम्ही सगळ्या गावाची लेकरं मोजतो आणि मोबाईलमध्ये भरतोही. पाळण्याला तर आकडाही नको, लेकरू रेघेच्या वर की खाली एवढंच बघायचं. ‘जत्रा कमिटीकडं पैसा कुठंय?’ हे दुसरं उत्तर. पत्र्याच्या एका पट्टीला आणि ऑइलपेंटच्या डबीला जेवढा पैसा लागतो, त्याहून जास्त कमिटी पाहुण्यांच्या फेट्यांना घालते.

तेव्हा मागणी थोडी आणि स्पष्ट आहे. गावोगाव जत्रेत पाळण्यांच्या जागेचा लिलाव होतो, नाहीतर भाडं ठरतं. कुठं ग्रामपंचायत, कुठं नगरपालिका, कुठं देवस्थान ते ठरवतं. त्या करारात चार ओळी घाला. प्रत्येक खेळाच्या दाराशी उंचीची रेघ, आणि रेघेखालच्या लेकराला आत घेतलं तर त्या दिवसाचा पाळणा बंद. उभारणी झाल्यावर आणि पाऊस पडून गेल्यावर अभियंत्याची तपासणी, तिचा कागद दाराशी चिकटवलेला. कळीवर अठरा वर्षांच्या वरचा माणूस. आणि लेकरू घेऊन थांबलेल्यासाठी अदलाबदलीचा कागद. लिलावाची बोली यानं कमी होईल, असं कमिटीवाले म्हणतील. होईल, थोडी होईल. होऊ द्या.

चैत्राच्या जत्रांचे लिलाव होतील, तेव्हा सरपंचांनी, देवस्थानाच्या विश्वस्तांनी आणि परवाना देणाऱ्या ठाणेदारांनी एवढं बघावं. पट्टी कशी आखायची, ती किती उंचीवर ठोकायची, लेकराला कसं उभं करायचं हे कळत नसेल, तर गावातल्या अंगणवाडीच्या बाईला बोलवा. ती तिची फळी घेऊन येईल, आणि जत्रेचे दोन्ही दिवस थांबेल. तिला फक्त आधी सांगा, आणि त्या दोन दिवसांचं मानधन द्या.